ग्रीक-लॅटिन शिकायला ब्रिटनला जायचंय? बारावी किंवा बीएनंतरचा क्रमवार रस्ता

प्राचीन ग्रीस आणि रोम यांची भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, कला आणि पुरातत्त्व एकत्र शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला ब्रिटनमध्ये क्लासिक्स म्हणतात. आपल्याकडे इतिहास, संस्कृत किंवा इंग्रजी घेतलेल्या अनेकांना याची ओढ असते, पण त्यातले बरेच जण एका ठरावीक चुकीने मागे पडतात. आधी विद्यापीठांची यादी, मग शिष्यवृत्ती, मग व्हिसा असा विचार करत करत वर्ष संपतं आणि ग्रीक किंवा लॅटिनचा एक धडाही झालेला नसतो. या विषयात क्रम उलटा आहे. कोणत्या पदवीला अर्ज करता येईल, किती वर्षं लागतील, पुढे पीएचडी शक्य आहे का, हे सगळं भाषेवरून ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी दुसरी पायरी आजच सुरू करा, बाकीच्या सवडीने वाचा.

१. पदवीचं नाव नीट वाचा

सारखी वाटणारी नावं इथे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

क्लासिक्स: साधारणपणे ग्रीक आणि लॅटिन, निदान एक तरी भाषा सक्तीची, आणि मूळ संहिता मूळ भाषेत वाचणं अपेक्षित.

क्लासिकल स्टडीज किंवा क्लासिकल सिव्हिलायझेशन: सगळं इंग्रजी भाषांतरातून. भाषा ऐच्छिक.

एन्शंट हिस्टरी: इतिहासावर भर. भाषा बहुधा ऐच्छिक.

क्लासिकल आर्किऑलॉजी: उत्खनन, मृद्भांडी, शिल्पं, नाणी. भाषेची अट विद्यापीठागणिक बदलते.

भाषा सक्तीची नसलेली पदवी कमी दर्जाची असं अजिबात नाही. पण पुढे संशोधन करायचं मनात असेल आणि पदवीत एकही भाषा घेतली नसेल, तर एमएनंतर दार बंद झाल्यासारखं होतं. पीएचडीला, विशेषतः अमेरिकेत, दोन्ही प्राचीन भाषा आणि त्यावर जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन वाचता येणं अपेक्षित असतं. तेव्हा क्लासिकल स्टडीज घेतलंत तरी ऐच्छिक विषयांत पहिल्याच वर्षी एक भाषा घ्या. तिसऱ्या वर्षी सुरू केलेली भाषा पुढच्या अर्जात फारशी उपयोगी पडत नाही.

आता शाळेत लॅटिन न शिकलेल्यांसाठी चांगली बातमी. केंब्रिजमध्ये लॅटिन शिकून आलेल्यांसाठी ३ वर्षांचा आणि न शिकलेल्यांसाठी ४ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातलं जादा पहिलं वर्ष मुख्यतः लॅटिनसाठीच असतं. ऑक्सफर्डचा अभ्यासक्रम सगळ्यांसाठीच ४ वर्षांचा आहे आणि त्यातही नवशिक्यांसाठी सोय आहे. लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, किंग्ज कॉलेज, डरहॅम, एक्सेटर, ब्रिस्टल, एडिंबरा, सेंट अँड्र्यूज इथेही नवशिक्यांचे वर्ग चालतात. स्कॉटलंडमध्ये पदवी ४ वर्षांची असते आणि तिला एमए म्हणतात. त्या नावावरून ती पदव्युत्तर समजून अर्ज करणारे दरवर्षी सापडतात.

२. भाषा आजच सुरू करा

आधी कोणती? हाताशी एकच वर्ष असेल आणि संस्कृत येत नसेल तर लॅटिन. लिपी ओळखीची, क्रियापदाची रूपं ग्रीकपेक्षा कमी, आणि जिथे पूर्वतयारीची अट असते तिथे ती बहुधा लॅटिनचीच असते. संस्कृत पक्कं असेल किंवा तत्त्वज्ञानाकडे ओढा असेल तर ग्रीक आधी घ्यायला हरकत नाही. दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नका. निदान सहा महिन्यांचं अंतर ठेवा, नाहीतर विभक्तिप्रत्यय एकमेकांत मिसळतात.

पुस्तक एकच निवडा. लॅटिनसाठी दोन रस्ते आहेत. व्हीलॉकच्या पाठ्यपुस्तकात ४० धडे आहेत. आठवड्याला एक म्हटलं तर सुट्ट्या धरून वर्षभरात संपतात. व्याकरण आधी आणि वाचन मागून, अशी त्याची रीत आहे. दुसरा रस्ता ओर्बर्गच्या पुस्तकाचा. त्याच्या पहिल्या भागात ३५ प्रकरणं आहेत आणि पहिल्या ओळीपासून सगळं लॅटिनमध्येच आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना मी हा दुसरा रस्ता सुचवेन. व्हीलॉकमध्ये लॅटिनसोबत इंग्रजी व्याकरणाची परिभाषाही शिकावी लागते, आणि बरेच जण अडतात ते तिथेच, लॅटिनमध्ये नाही. फक्त ओर्बर्ग वाचताना शब्दरूपं आणि धातुरूपं वेगळ्या वहीत लिहून पाठ करा. नुसतं वाचत गेलात तर विसाव्या प्रकरणाच्या आसपास पाय घसरतो.

ग्रीकसाठी ब्रिटनमध्ये रुळलेल्या 'रीडिंग ग्रीक' या पाठ्यक्रमाचे दोन खंड आहेत: एकात संहिता आणि शब्दार्थ, दुसऱ्यात व्याकरण आणि स्वाध्याय. दोन्ही एकदमच घ्या. एका खंडावर काम होत नाही. घरी एकट्याने शिकणार असाल तर उत्तरांची वेगळी पुस्तिका मिळते, तीही घ्या.

रोज पाऊण तास. रविवारी सलग चार तास बसून आठवडाभर न उघडणाऱ्यांची गाडी तिसऱ्या महिन्यात थांबते, कारण प्रत्यय रोज डोळ्यांखालून गेले नाहीत तर टिकत नाहीत. शब्दांसाठी डिकिन्सन कॉलेजच्या मोफत याद्या वापरा: लॅटिनचे सुमारे १,००० आणि ग्रीकचे सुमारे ५०० सर्वाधिक वापरातले शब्द. या दोन याद्या तोंडपाठ असतील तर कोणत्याही नव्या उताऱ्यात पाय टेकायला जागा मिळते.

लागणारी साधनं, जवळपास सगळी मोफत:

- लोगिऑन हा शिकागो विद्यापीठाचा ऑनलाइन कोश. ग्रीक आणि लॅटिनचे मोठे कोश एकाच जागी.
- पर्सिअस हा टफ्ट्स विद्यापीठाचा संग्रह. मूळ संहिता आणि प्रत्येक शब्दाचं रूप ओळखून देणारी सोय.
- संगणकावर ग्रीक पॉलिटॉनिक कीबोर्ड. साधा ग्रीक कीबोर्ड आधुनिक ग्रीकसाठी असतो. त्यात प्राचीन ग्रीकची सगळी स्वरचिन्हं उमटत नाहीत.
- जमल्यास लोब मालिकेतले एक-दोन खंड. १९११ साली सुरू झालेल्या या मालिकेत ग्रीकचे खंड हिरवे, लॅटिनचे लाल. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी.

पर्सिअस आणि लोब यांचा धोका एकच: उत्तर समोर असतं. प्रत्येक शब्दावर टिचकी मारत किंवा उजवं पान वाचत गेलं की वाचता येतंय असा भास होतो. विद्यापीठात मात्र न पाहिलेला उतारा कोशाशिवाय भाषांतर करायला देतात. उजवं पान कागदाने झाका, आधी स्वतःचं भाषांतर लिहा, मग ताडून पाहा.

उतारा फोडायची पद्धतही पहिल्यापासून नीट लावून घ्या. शब्द ज्या क्रमाने आले त्या क्रमाने इंग्रजीत मांडत गेलात तर अर्थ हमखास चुकतो. आधी क्रियापद शोधा, त्याचा पुरुष आणि वचन पाहा, मग कर्ता, मग कर्म. लॅटिन गद्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं. मराठी वाचणाऱ्याला शेवटपर्यंत थांबायची सवय असतेच. इंग्रजी विद्यार्थ्यांना ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

३. संस्कृत आलं असेल तर ते वापरा

शाळेत १०० गुणांचं संस्कृत घेतलेल्यांना आपल्या हातात काय आहे याची कल्पना नसते. संस्कृतच्या आठ विभक्तींच्या जागी लॅटिनमध्ये सहा आणि ग्रीकमध्ये पाच आहेत. विभक्ती गळल्या, पण त्यांची कामं उरली: ग्रीकमध्ये पंचमीचं काम षष्ठी करते, आणि तृतीया-सप्तमीचं काम चतुर्थी. लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी एकाच विभक्तीत गेली आहे. हे एकदा कागदावर मांडून घेतलं की 'ही षष्ठी इथे कशी?' हा प्रश्न निम्म्या वेळा सुटतो.

ग्रीक क्रियापदात तर जागोजागी ओळख पटते. भूतकाळात आधी लागणारा 'अ' (अभवत्) तिथे 'ए' होऊन येतो. द्वित्व आहे: ददामि, तर ग्रीकमध्ये दिदोमि. आत्मनेपदासारखा मधला प्रयोग आहे, विधिलिङ्‌ला समांतर रूपं आहेत, होमरमध्ये द्विवचनही आहे. लॅटिनच्या वर्गात ज्या रचनेने सगळे हैराण होतात ती आपली सति सप्तमीच. 'नगरे गृहीते' समजत असेल तर 'उर्बे काप्ता' समजायला दोन मिनिटं पुरेत. ग्रीक तीच रचना षष्ठीत करते.

उच्चारांतही फायदा आहे. प्राचीन ग्रीकच्या फी, थीटा, खी या अक्षरांचे मूळ उच्चार आपल्या फ, थ, ख सारखे महाप्राण होते. फ म्हणजे 'फळ'मधला, 'फॅन'मधला नव्हे. वर्गात शिक्षक बहुधा इंग्रजी वळणाने उच्चार करतील. तिथे वाद घालू नका, पण शब्द लक्षात ठेवताना आपला उच्चार वापरा, कारण त्यामुळे रूपं बनवण्याचे नियम पटकन कळतात.

छंदाचं काम तर अर्धं झालेलंच आहे. होमर आणि व्हर्जिल या कवींच्या षट्पदीच्या (हेक्झामीटर छंदाच्या) ओळीत सहा गण असतात. प्रत्येक गण एकतर गुरू-लघु-लघु, म्हणजे आपला भ गण, किंवा दोन गुरू. शेवटचा गण दोन अक्षरांचा, पाचवा बहुतेक वेळा भ गण. त्यामुळे ओळीत किमान १२ आणि कमाल १७ अक्षरं येतात. जोडव्यंजनापूर्वीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, हा नियमही तोच. फरक दोन ठिकाणी: जोडव्यंजनातलं दुसरं व्यंजन र किंवा ल असेल तर आधीचं अक्षर लघुही राहू शकतं, आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या स्वरापुढे गळतो. हे गळणं विसरलात की अक्षरांचा हिशेब बिघडतो.

चर्चच्या परंपरेतून लॅटिन शिकलेल्यांसाठी एक सूचना, गोव्याकडच्या वाचकांना ती जास्त लागू पडेल. चर्चच्या उच्चारात 'च' होणारं अक्षर विद्यापीठात सगळीकडे 'क' असतं. नव्या कराराची ग्रीक येत असेल तर उत्तम पाया आहे, पण अथेन्सच्या नाटककारांची आणि इतिहासकारांची ग्रीक तिच्याहून बरीच अवघड आहे. अर्जात दोन्ही वेगळ्या लिहा.

४. वेळापत्रक

पदवीचे अर्ज यूकास या एकाच यंत्रणेतून जातात. जास्तीत जास्त पाच निवडी करता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींना एकाच वर्षी पदवीसाठी अर्ज करता येत नाही. त्या दोघांची मुदत आदल्या वर्षीचा १५ ऑक्टोबर, म्हणजे पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जायचं असेल तर बारावीच्या दिवाळीआधी अर्ज. बाकीच्या बहुतेक विद्यापीठांची मुदत जानेवारीत. प्रवेशपरीक्षा आणि लेखी कामाचे नमुने यांच्या तारखा वेगळ्या असतात, आणि परीक्षांची रचना अलीकडे बदलते आहे. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने सांगितलेल्यावर विसंबू नका, त्या वर्षीचं विद्यापीठाचं पान वाचा.

राज्य मंडळाची बारावी असेल तर अर्जाआधीच प्रत्येक विद्यापीठाला ईमेल करा. काही ठिकाणी राज्य मंडळासाठी टक्केवारीची अट केंद्रीय मंडळापेक्षा वरची असते, काही ठिकाणी आधी एक पायाभूत वर्ष करायला सांगतात. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

बीएनंतर एमएला जाणाऱ्यांना अर्ज थेट विद्यापीठाकडे करावा लागतो, आणि शिष्यवृत्ती हवी असेल तर तो डिसेंबर-जानेवारीतच गेला पाहिजे. एमए एका वर्षाचं असतं. शून्यातून दोन्ही भाषा त्यात बसत नाहीत. पर्याय: आधी उन्हाळी सघन वर्ग. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या लॅटिन-ग्रीक संस्थेचा वर्ग १० आठवड्यांचा असतो. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या विद्यापीठाचीही अशी उन्हाळी शाळा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी पदवीनंतर फक्त भाषा पक्की करण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम असतो. सघन वर्गात दिवसाला एक-दोन धडे होतात. सोबत नोकरी किंवा दुसरा कोर्स जमत नाही.

५. निवेदनात काय लिहायचं

यूकासच्या निवेदनात २०२६च्या प्रवेशापासून तीन प्रश्न असतात, सगळे मिळून ४,००० वर्णांची मर्यादा आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५० वर्ण. हा विषय का, शिक्षणातून काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं, असा त्यांचा आशय.

'लहानपणापासून मला ग्रीक पुराणकथा आवडतात' हे वाक्य निवड करणारे रोज वाचतात. त्याऐवजी तुमच्याकडे जे आहे आणि तिथल्या विद्यार्थ्याकडे नाही, ते लिहा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, सोपारा, कल्याण, पैठण आणि तगर म्हणजे तेर यांची नावं येतात. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर दहा दिवसांवर, असं तो लेखक सांगतो. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या लेण्यात यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या, दात्यांचे लेख आहेत. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली मिळालेली मूर्ती यांची तुलना अभ्यासक करतात. यातली एकच गोष्ट घ्या, प्रत्यक्ष जाऊन पाहा, त्यावर एक प्रश्न उभा करा आणि तो पाच-सहा वाक्यांत मांडा. चारही कोंबल्यात तर यादी होते.

भाषेबद्दल मोघम लिहू नका. 'लॅटिनचे मूलभूत ज्ञान' याला अर्थ नाही. कोणतं पुस्तक, कितव्या धड्यापर्यंत, आणि सोपं न केलेलं मूळ कोणतं, किती ओळी वाचलं, हे लिहा. एमएच्या अर्जात तर हाच भाग आधी पाहिला जातो.

६. कागदपत्रं

- दहावी, बारावी आणि पदवीच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका.
- विद्यापीठाचा शिक्कामोर्तब केलेला ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा. याला कित्येक आठवडे लागतात; अर्ज उघडण्याआधीच मागणी नोंदवा.
- इंग्रजीची परीक्षा, उदाहरणार्थ आयईएलटीएस ॲकॅडेमिक. निकाल २ वर्षं ग्राह्य. या विषयासाठी बँड साधारण ६.५ ते ७.५ मागतात आणि लेखनाचा वेगळा किमान बँड असतो. एकूण गुण पुरेसे असूनही बरेच जण तिथेच अडकतात.
- शिफारसपत्रं: पदवीसाठी एक, एमएसाठी दोन किंवा तीन. तुमचं लेखन वाचलेले प्राध्यापक हवेत. तुम्हाला न ओळखणाऱ्या प्राचार्यांच्या सहीला वजन नसतं.
- लेखी कामाचे नमुने, इंग्रजीत.
- पासपोर्ट.

नावाची भानगड आधी मिटवा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, कधी आईचं नाव शेवटी. पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा, आणि स्पेलिंगमध्ये फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

७. पैसे

परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क बहुतेक ठिकाणी वर्षाला २०,००० पौंडांच्या वर आहे, ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी बरंच वर. पदवीसाठी पूर्ण शिष्यवृत्ती फार क्वचित मिळते. म्हणून आर्थिक पाठबळ नसेल तर माझा स्पष्ट सल्ला: बीए इथेच, शक्यतो संस्कृत किंवा इतिहासात करा, भाषा सोबत शिका आणि एमएला जा.

पदव्युत्तरसाठी पाहण्यासारख्या: ऱ्होड्स (ऑक्सफर्ड), गेट्स (केंब्रिज), फेलिक्स, इनलॅक्स, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती. मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२पासून चालू आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, परत करावी लागते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; तिथे विद्यापीठाचा जागतिक क्रमवारीतला क्रमांक आधी तपासा.

केंद्राच्या, मुख्यतः अनुसूचित जातींसाठीच्या, नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये एक सापळा आहे. २०२२-२३पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले आहेत. वर सुचवलेला महाराष्ट्र आणि ग्रीस-रोम यांच्या जुन्या संबंधांचा विषय विद्यापीठाला आवडेल, पण या शिष्यवृत्तीत तो अडचणीचा ठरू शकतो. तिथे अर्ज करणार असाल तर संशोधनाचा विषय ग्रीस-रोमचाच ठेवा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो), पण अध्यापन जर्मनमध्ये, त्यामुळे जर्मन वरच्या पातळीची हवी. मॅक्सम्युलर भवनात तितकं आधीच शिकला असाल तर हा रस्ता ब्रिटनपेक्षा शहाणपणाचा आहे.

८. व्हिसा

विद्यापीठाकडून कास, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा क्रमांक, आल्यावरच अर्ज करता येतो. पहिल्या वर्षाचं शुल्क आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसला पाहिजे, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत हवा. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जातो. या काळात त्या खात्यातून विमानाचं तिकीट काढू नका. ६ महिन्यांहून जास्त राहायचं असल्याने मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी लागते. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. पूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागतो.

९. पहिलं सत्र

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात भाषेची पातळी ठरवतात. घरी शिकून आलेल्यांना वरच्या वर्गात बसायचा मोह होतो. व्हीलॉकचे २५ धडे झाले असतील तर नवशिक्यांच्याच वर्गात बसा. पहिले तीन आठवडे सोपे जातील. त्या वेळात दुसरी भाषा किंवा निबंधलेखन पुढे न्या. वरच्या वर्गात गेलात आणि तिथे सिसेरो या रोमन लेखकाच्या ४० ओळी रोज वाचायची असतील, तर पाचव्या आठवड्यात वर्ग बदलायची मुदत संपलेली असते.

निबंधाची तऱ्हाही वेगळी आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक निबंध, साधारण १,५०० ते २,००० शब्द, आणि त्यावर शिक्षकांशी समोरासमोर चर्चा. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकेसारखं सर्व मुद्द्यांचं संकलन केलंत तर 'तुमचं म्हणणं काय?' एवढाच शेरा येतो. पहिल्या परिच्छेदात भूमिका, मग मूळ संहितेतल्या ओळींचा पुरावा, ओळींच्या क्रमांकासह. संदर्भ पानाचा नाही, तर कांड आणि ओळीचा द्यायचा असतो, कारण प्रत्येकाच्या आवृत्तीत पानं वेगळी असतात.